याडीचा ढावलो

माझी याडी लग्नात रडायची. आमच्या बंजारा घरांत आईला याडी म्हणतात. दिग्रसपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आमचा तांडा आहे, आणि आजूबाजूच्या सात-आठ तांड्यांत लग्न निघालं की पत्रिकेसोबत याडीला वेगळा निरोप यायचा : तुम्हाला यायचंच आहे, पोरीला रडता येत नाही.

सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडते आणि गाऊन रडते, त्याला आमच्यात ढावलो म्हणतात. बापाच्या गळ्यात पडून वेगळं, भावाच्या गळ्यात पडून वेगळं, शेजारणीसाठी आणखी वेगळं. चाल जुनी असते, शब्द मात्र तिथल्या तिथे सुचावे लागतात. पूर्वी लग्नाच्या महिनाभर आधीपासून म्हाताऱ्या बाया मुलींना हे शिकवायच्या. आता मुली बारावी करतात, नर्सिंगला जातात, मंगल कार्यालयात लग्न होतं. डोळ्यांत पाणी येतं पण तोंडातून शब्द येत नाही. मग याडी नवरीच्या मागे उभी राहायची, तिचे हात आपल्या हातात घेऊन बापाच्या गळ्यात टाकायची आणि तिच्या वतीनं रडायची. मी लहानपणापासून पाहिलंय, आडदांड माणसं तिथे ढसाढसा रडत. याडी स्वतः मात्र घरी येऊन पाटावर बसून भाकर खायची, अगदी शांत. "रडून आलं का भूक लागते," म्हणायची.

आम्ही घरात बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोलतो. वाचणाऱ्यांना कळावं म्हणून याडीचं बोलणं मी इथं वऱ्हाडीत लिहिते आहे. तीही तिला येतेच, बाजारात ती वऱ्हाडीच बोलते.

माझ्या चुलत बहिणीनं एका लग्नातला याडीचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला होता. सहा-सात महिन्यांनी तिला इंग्रजीत एक लांबलचक निरोप आला. ती घाबरली आणि माझ्याकडे पाठवून मोकळी झाली, कारण मी दिग्रसला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. लिहिणारी युरोपच्या उत्तरेकडच्या एका लहान देशातली गायिका होती. तिच्या पणजीच्या काळी त्यांच्याकडेही नवरीला असंच गाऊन रडवत. ती रीत संपली. हिनं ती जुन्या ध्वनिमुद्रणांवरून शिकून घेतली होती. तिनं लिहिलं होतं, मी यंत्राकडून रडायला शिकले, मला जिवंत माणसासोबत रडायचं आहे. दोन देशांतल्या कलावंतांनी एकत्र काम करावं म्हणून मदत देणारी तिकडची एक संस्था होती. त्या संस्थेकडे याडीनं आणि तिनं मिळून अर्ज करायचा होता. याडीचा अर्ज मी लिहिला.

अर्ज मंजूर झाला आणि कापूस वेचणीच्या दिवसांत पाहुणी आली. चाळिशीची, उंच, केस बारीक कापलेले. आमच्याकडे तांड्यावर वीस दिवस राहिली, मीही रजा काढून तिथेच होते. पहिल्या दिवशी ओट्यावर चहा झाला, अर्धा तांडा बघायला जमला, आणि पाहुणी मला म्हणाली, "आईंना म्हणावं, थोडं ऐकवतील का?"

मी याडीला सांगितलं. याडीनं विचारलं, "कोणाचं लगन हाय?"

"लगन नाही. तिला नुसतं ऐकायचं आहे."

"लगन नाही, मयत नाही, अन् मी कायले रडू? घरात दिवा लावायची येळ हाय. असं रिकामं रडत नसतात."

मी ते पाहुणीला इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं ती नाराज होईल. तिनं नुसती मान हलवली. तीन दिवस तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. शेतात जायची, याडीसोबत कापूस वेचायची, बोंडाचे काटे लागून बोटं सोलून घ्यायची. याडी तिच्या बोटांना खोबरेल तेल लावून द्यायची आणि मला सांगायची, "ही पावणी चांगली हाय, पण मनात काई तरी दाबून बसली."

चौथ्या दिवशी दुपारी शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या बाभळीखाली आम्ही तिघी जेवायला बसलो होतो. याडीनं विचारलं, "तुही याडी हाय का?" तुझी आई आहे का, मी इंग्रजीत विचारलं. पाहुणीनं सांगितलं की आई दोन वर्षांपूर्वी गेली. आई गेली तेव्हा ही दुसऱ्या देशात मंचावर गात होती. परत पोचली तोवर सगळं उरकलं होतं. मी याडीला एवढंच सांगितलं. याडीनं हात धुतले. पाहुणी आपल्या भाषेत हळू आवाजात गाऊ लागली, मान खाली घालून, प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास तुटत होता. याडी उठली, तिच्याजवळ गेली, तिची मान आपल्या खांद्यावर घेतली आणि गोर बोलीत ढावलो सुरू केला. तुझ्या आईनं तुझी वाट पाहिली नसेल असं नाही, म्हणाली. वाट लांब होती, म्हणाली. ज्या घरात तू उशिरा पोचलीस त्या घराची चूल माझ्या घरात आहे, असंही म्हणाली. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर पाहुणीनं डोळे न उघडताच हात वर करून मला थांबवलं.

त्या दुपारनंतर मला त्यांच्यात फारसं काम उरलं नाही. दोघी रोज बसायच्या. एकीचं संपलं की दुसरीचं सुरू व्हायचं, कधी एकात एक मिसळायचं. मी माझ्या आयुष्यात इतकं सुंदर काही ऐकलं नव्हतं, आणि ते माझ्या घरात, माझ्या आईच्या तोंडून निघत होतं. जाताना पाहुणीनं सांगितलं की वसंतात तिच्या शहरात मोठा कार्यक्रम आहे. संस्था तिकीट देईल. याडीनं यायचं, दोघींनी एकत्र गायचं.

"विमानात चूल नसन ना?" याडीनं विचारलं.

"नाही."

"मंग भाकरी बांधून घेऊ."

तिथून कागद सुरू झाले. याडीच्या जन्माचा दाखला नव्हता. आधारवर एक जानेवारी होती, आमच्या तांड्यातल्या तिच्या वयाच्या सगळ्याच बाया एक जानेवारीला जन्मलेल्या आहेत. बापूचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव याडीच्या आधारवर एका तऱ्हेनं, रेशन कार्डावर दुसऱ्या तऱ्हेनं आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिसऱ्याच तऱ्हेनं होतं. प्रतिज्ञापत्रं केली. यवतमाळच्या चार चकरा झाल्या. पोलीस चौकशीला आलेला शिपाई याडीला म्हणाला, "आजीबाई, परदेशात काय करणार?" याडी म्हणाली, "रडणार." तो हसला, पण सही केली. पासपोर्ट आला त्या दिवशी याडीनं तो देवाजवळ ठेवला आणि तांड्यात पेढे वाटले. मला तेव्हाच थोडी भीती वाटली होती. व्हिसा अजून मिळायचा होता.

व्हिसासाठी आम्ही दोघी ट्रॅव्हल्सनं मुंबईला गेलो. कार्यालयात खूप थंडी होती. काचेमागच्या मुलीनं याडीला बोटं यंत्रावर ठेवायला सांगितली. यंत्रानं काही घेतलं नाही. पुन्हा ठेवली. हात पुसून ठेवली, थोडं क्रीम लावून ठेवली. मुलीनं याडीचं बोट दाबून धरलं, तरी पडद्यावर पांढरा डाग यायचा. पन्नास वर्षं कापूस वेचून बोटांवर रेषाच राहिल्या नव्हत्या. मागे रांग वाढत होती. शेवटी कसेबसे तीन-चार बोटांचे ठसे उमटले आणि त्या मुलीनं शेरा मारून कागद पुढे पाठवले. ती वागायला वाईट नव्हती, याडीला तिनं पाणीही दिलं.

बाहेर फुटपाथवर याडी आपली बोटं उलटीसुलटी करून पाहत होती. "माहे हात खोटे निघाले का वं?" तिनं विचारलं.

"नाही गं. यंत्र तसं असतं."

नकार तीन आठवड्यांनी आला. एक पान होतं. त्यावर कारणांच्या चौकटी छापलेल्या होत्या आणि एका चौकटीत खूण केलेली होती. हिचा आमचा देश सोडून परत जाण्याचा इरादा आहे याबद्दल आमची खात्री पटली नाही, असा त्या ओळीचा अर्थ. मी तो कागद घेऊन तांड्यावर गेले. याडी तुरीच्या शेंगा सोलत होती.

"त्यांना वाटतं तू तिथंच राहशील, परत येणार नाहीस."

आधी ती हसली. "मी तिथी राहून काय करू? मले तर त्यायचं पाणी मांगता येत नाही." मग हसणं थांबलं. "वापस काहून नाही येणार? माहं घर इथं हाय. तू सांगतलं नाही का त्यायले?"

मी सांगितलं होतं. पण घर माझ्या भावाच्या नावावर होतं, सातबारा भावाच्या नावावर, बँकेत याडीचं खातं होतं त्यात निराधार योजनेचे पैसे येत. धंद्याच्या रकान्यात मी लोकगायिका लिहिलं होतं आणि त्याला जोडायला एकही प्रमाणपत्र नव्हतं. ज्यांच्या लग्नात ती रडली त्यांनी कधी कागद दिला नव्हता. पाहुणीनं तिकडून पत्रं लिहिली, संस्थेनं लिहिली, आम्ही पुन्हा अर्ज केला. पुन्हा तीच चौकट. दुसऱ्या वेळी मी याडीला वाचून दाखवलंच नाही. तिनंही विचारलं नाही.

कार्यक्रम तर ठरलेला होता. पाहुणी फोनवर रडकुंडीला आली होती. म्हणाली, निदान आईंचा आवाज तरी येऊ दे. तुम्ही तिकडे ध्वनिमुद्रण करा, मी मंचावर त्या आवाजासोबत गाईन. मला ते बरोबर वाटलं. एवढ्या कागदांनंतर काहीतरी पलीकडे पोचावं असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तो कार्यक्रम माझाही झाला होता. कॉलेजात मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

एका रविवारी मी याडीला दिग्रसला माझ्या घरी आणलं. खिडक्यांना गाद्या लावल्या, पंखा बंद केला, मोबाइल उशीवर ठेवला. याडी खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "कोणाच्या गळ्यात पडू?"

"कोणाच्या नाही. नुसतंच म्हण."

"हवेच्या गळ्यात पडता येत नाही."

मग मीच पुढे झाले. म्हटलं, माझ्या गळ्यात पड. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं लग्न याच गावात, मंगल कार्यालयात झालं होतं. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी आल्या होत्या, नवऱ्याकडची शहरातली माणसं होती. पाठवणीच्या वेळी याडी हात पसरून पुढे आली तेव्हा मी तिच्या कानात म्हटलं होतं, "याडी, इथं नको. लोक बघतात." ती थांबली होती. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाजूला झाली. त्याला एकोणीस वर्षं झाली, आम्ही त्याबद्दल कधी बोललो नव्हतो.

त्या रविवारी ती माझ्या गळ्यात पडली आणि जे आलं ते तेच आलं. पोरी, साऱ्या जगाच्या लेकींसाठी मी रडले, माझ्या लेकीनं मला रडू दिलं नाही. तू लोकांकडे पाहिलंस, माझ्या हातांकडे पाहिलं नाहीस. आता लोकांनीच माझ्या हातांत काही नाही म्हणून सांगितलं. तू शिकलीस, तुला कागद वाचता येतात, मग तुझी आई परत येते हे तुला त्यांना का पटवता आलं नाही. असं बरंच. अकरा मिनिटं. मी तिला धरून उभी होते. संपल्यावर तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि विचारलं, "पुसून टाकशीन ना हे? दुसरं म्हणतो, लगनाचं."

मी म्हटलं, "हो, तू चहा घे आधी."

चहा झाला. तिनं लग्नाचा ढावलो म्हटला, पण तो कोरडा होता. कुणीही ऐकलं असतं तर कळलं असतं. मी पहिला पाठवला.

त्यांना कार्यक्रमाच्या पुस्तिकेत भाषांतर हवं होतं. तेही मीच केलं. मी लिहिलं की सासरी निघालेली मुलगी आईचा निरोप घेते आहे. अंगणातलं झाड, पाणवठा, भावाचा हात, असलं सगळं मी रचून घातलं. याडीच्या तोंडचा एक शब्द त्यात नव्हता. पाहुणीलाही तेच पाठवलं. तिनं उत्तर दिलं की किती कोमल शब्द आहेत.

कार्यक्रमाचा व्हिडिओ आला तो मी याडीला दाखवला. न दाखवून चाललं नसतं, ती रोज विचारत होती. काळोखा मंच, मधोमध पाहुणी, काळ्या कपड्यांत. दोन्ही हात पुढे पसरलेले, जणू कुणाला धरलंय. आणि सगळीकडून याडीचा आवाज. याडीला दोन-तीन ओळींतच कळलं कोणता ढावलो आहे तो. तिनं माझ्याकडे मान वळवली नाही. शेवटपर्यंत ऐकलं. मग अंधार झाला आणि टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

"हे टाळ्या कायले वाजवून राह्यले?" याडीनं विचारलं.

"त्यांना आवडलं."

"रडणं आवडलं?"

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि गोठ्याकडे गेली. त्या दिवशी मी जेवायला थांबले नाही.

पाहुणीकडच्या मंडळींनी तो व्हिडिओ इंटरनेटवर घातला. आमच्या तांड्यात आता प्रत्येक घरात फोन आहे. तिकडच्या लोकांना पुस्तिकेतले शब्द कळले असतील. आमच्या लोकांना तर खरेच शब्द कळत होते. मला कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. माझ्या भावजयीनं मात्र म्हटलं, "बाई, घरातलं घरात नाही का ठेवता आलं?"

उन्हाळ्यात चुलत भावाच्या मुलीचं लग्न होतं, तांड्यावरच, मांडव घालून. याडीला बोलावणं होतं, घरचीच होती. पाठवणीला डीजे बंद केला. याडी नवरीच्या मागे गेली, तिचे हात धरले, बापाच्या गळ्यात टाकले आणि थांबली. बाया वाट पाहत होत्या. याडीचे ओठ हलले. पुन्हा हलले. नवरीनं मागे वळून पाहिलं. मग नवरीचा बाप, बिचाऱ्याला काही सुचेना, डीजेवाल्याला म्हणाला, "काकीचा तो फॉरेनचा लाव ना रे." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला वाटलं काकीचा मान होईल.

त्या मोठमोठ्या खोक्यांतून याडीचा आवाज निघाला. माझ्या लेकीनं मला रडू दिलं नाही. सगळा मांडव माझ्याकडे वळला आणि लगेच दुसरीकडे पाहू लागला. काहींनी फोन वर धरले. नवरी रडायला लागली होती, ती खरीच रडत होती. याडी तिचे हात सोडून मागे सरकली आणि खुर्च्यांच्या रांगेत जाऊन बसली, बाकीच्या पाहुण्यांसारखी. मी तिच्याजवळ गेले. "बंद करायला सांगू का?" तिनं मान हलवली. "चालू दे. पोरीची पाठवणी हाय."

त्यानंतर तिला कुठून बोलावणं आलं नाही. व्हिडिओ आहेच, तो लावतात.

पाहुणी अजून लिहिते. तिनं तो ढावलो आणखी चार-पाच शहरांत केला. पुस्तिकेवर याडीचं नाव असतं, आधी याडीचं, मग तिचं. माणूस म्हणून ती चांगलीच आहे. संस्थेचे नवे अर्ज निघाले की मला पाठवते, यंदा नियम सोपे झाले आहेत म्हणते, आईंना विचारा. आई बरी आहे, एवढंच मी लिहिते. तिला भाषांतराचं खरं सांगायला मी तीनदा बसले. दर वेळी वाटलं, सांगितलं तर तिचंही तोंड बंद होईल. मग राहून गेलं. कदाचित हाही बहाणाच असेल.

गेल्या पावसाळ्यात पुसदला याडीची धाकटी बहीण वारली. दोघींचा फार जीव होता. आम्ही पोचलो तेव्हा बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. याडी आल्याचं पाहून त्यांनी वाट करून दिली, आता ही रडेल म्हणून. याडी बहिणीच्या उशाशी बसली, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि तशीच बसून राहिली. एका बाईनं तिचा खांदा हलवला. "रड वं, मोकळी हो." याडीनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. मागून कोणी तरी म्हणालं, दगड झाली म्हातारी.

परत येताना एसटीत आम्हाला दोघींना एकच सीट मिळाली. खिडकीतून पाऊस आत येत होता, काच वर जात नव्हती. मी माझी ओढणी तिच्या डोक्यावर धरली. दोन-तीन गावं गेली तेव्हा ती स्वतःच बोलली, समोरच्या सीटकडे पाहत.

"आतून येते वं. गळ्यापर्यंत येते. तोंडाशी आलं का वाटते, कोणी ऐकून राह्यलं."

"इथं कोण ऐकतंय, याडी? रड. माझ्याजवळ रड."

तिनं माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. तो बंद होता. मी तो पर्समध्ये टाकला आणि पर्स पायाखाली ठेवली. तिनं तेही पाहिलं.

"ठेवून दे," ती म्हणाली. "त्यानं काई होत नाही."

मी ओढणी धरून बसून राहिले. गाडी दिग्रसला लागली तेव्हा पाऊस उघडला होता आणि आमच्या दोघींचे कपडे एका बाजूनं भिजले होते.